विश्लेषण : राजा म्हणून खेळायचे की जिंकण्यासाठी? ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममधील वाद नेमका काय?

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा संगणकावरील गेम ११ नोव्हेंबर १४४४ या तारखेला सुरू होतो. खेळणाऱ्याने विजयनगर निवडले तर गादीवर देवराय दुसरा असतो आणि उत्तरेला बहमनी सल्तनत. पुढची सुमारे पावणेचारशे वर्षे खेळणाऱ्याच्या हातात असतात. मात्र पहिली चाल करण्याआधीच एक निवड करावी लागते. पंधराव्या शतकातील राजाला जे दिसले असते, वाटले असते, जमले असते तेवढेच करायचे, की नियम आणि आकडे पाहून सर्वांत फायद्याची चाल करत जायचे? पहिल्या पद्धतीला ‘रोलप्ले’ म्हणजे भूमिकेत शिरून खेळणे म्हणतात, दुसरीला ‘ऑप्टिमल प्ले’. या दोन गटांतील वाद गेमइतकाच जुना आहे. तो केवळ आवडीनिवडीचा नाही. इतिहास म्हणून आपल्यासमोर काय मांडले जाते, याच्याशीही त्याचा संबंध आहे.

वाद कशावरून?

मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांना ‘मेटा’ हा शब्द ठाऊक असतो. सध्याच्या नियमांत कोणती बंदूक, कोणती जागा, कोणता डाव सर्वांत जास्त फळतो, त्याला मेटा म्हणतात. तिथे कोणी विचारत नाही की, हा सैनिक स्वभावाने कसा आहे. बुद्धिबळातही काळ्या राजाला दमा आहे का, त्याचे वजिराशी पटते का, असले प्रश्न येत नाहीत. ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये मात्र ते येतात, कारण हे गेम एकाच वेळी दोन आश्वासने देतात. एक, हा डाव आहे, डोके लावा आणि जिंका. दुसरे, हा इतिहास आहे, तुम्ही अमुक देशाचे राजे आहात.

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मध्ये खेळांची चार प्रकारांत विभागणी केली होती : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. त्यातील स्पर्धा आणि सोंग या दोन प्रेरणा इथे एकाच पडद्यावर कोंबलेल्या असतात. म्हणजे हातात सोंगटी आहे की अंगावर सोंग, हेच ठरत नाही.

सोंग घेणाऱ्यांची पंचाईत सर्वांना माहीत आहे. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे आणता येत नाही. राजा उदार आहे म्हणून करमाफी दिली, शब्दाला पक्का आहे म्हणून मित्राच्या हरणाऱ्या युद्धात उतरला, की खजिना रिकामा होतो आणि शेजारी टपलेलाच असतो. ऑप्टिमल खेळणारा अशा वेळी हसतो. उलट बाजूने रोलप्ले करणारा म्हणतो, तुम्ही खेळताय तो इतिहास नाही, हिशेबाची वही आहे.

‘ऑप्टिमल’ चाल नेमकी कोणासाठी?

युरोपा ४ मधील एक प्रसिद्ध युक्ती पाहा. या गेममध्ये १४५० च्या सुमारास इटलीत रेनेसाँ (प्रबोधन) सुरू होते आणि तिथून हळूहळू पसरते. ते ज्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसते, त्यांना नवे तंत्रज्ञान महाग पडत जाते. विजयनगरला ते येईपर्यंत फार उशीर होतो. यावर जाणकारांनी वाट शोधली आहे. राज्यकारभार, मुत्सद्देगिरी आणि सैन्य यांचे साठवलेले शेकडो गुण एकाच प्रांतात ओतायचे. प्रांताचा ‘विकास’ वाढत वाढत जातो आणि एका टप्प्याला रेनेसाँ तिथेच उगवते. फ्लॉरेन्स नको, छापखाना नको, ग्रीक ग्रंथ नकोत. तुंगभद्रेकाठी बटण दाबत राहायचे, बस्स.

यावर रोलप्लेवाले नाक मुरडतात. माझ्या मते ही युक्ती फार बोलकी आहे. प्रगती म्हणजे युरोपात निघणारी आणि बाकीच्यांनी वाट पाहायची गोष्ट, हे गृहीतक गेमच्या नियमांत दडलेले होते. ते उघड्यावर आणले ते भूमिका वठवणाऱ्याने नव्हे, आकडे मोजणाऱ्याने. नियमांच्या फटीत बोट घातल्याशिवाय नियम काय सांगतो ते कळत नाही. या बाबतीत ऑप्टिमल खेळणाऱ्यांचे आपल्यावर उपकारच आहेत.

पण त्यांचा राजा कोण असतो, तेही पाहायला हवे. तो चारशे वर्षे जगतो. शेजाऱ्याची फौज किती, खजिन्यात किती, कोण कोणाचा मित्र, हे त्याला बसल्या जागी दिसते. त्याला भाऊबंद नाहीत, व्रतवैकल्ये नाहीत, आजारपण नाही. चाल चुकली तर मागची सेव्ह केलेली फाइल उघडून तो काळ मागे फिरवतो. हे टाळण्यासाठी युरोपा ४ मध्ये ‘आयर्नमॅन’ नावाची एकाच सेव्हची सक्ती असलेली पद्धत द्यावी लागली. त्यातही लोक जिंकतातच. ओकिनावाकडचे र्‍युक्यू हे एका प्रांताचे राज्य घेऊन सारे जग जिंकण्याचे आव्हान या गेममध्ये आहे आणि ते पुरे करणारे आहेत.

राजाची कुवत या गेममध्ये ० ते ६ अशा अंकांत मोजली जाते. युवराज नालायक निघाला तर खेळणारे त्याला सेनापती करून लढाईत पाठवत. हेतू हा की, तो तिथेच मरावा. पुढे आलेल्या एका विस्तारात तर थोडी प्रतिष्ठा खर्चून वारसाला बाद करण्याचे बटणच मिळाले. आकड्यांच्या हिशेबात यात गैर काहीच नाही. दोन गुणांचा मुलगा जाऊन पाच गुणांचा यावा, एवढाच तो व्यवहार.

मराठ्यांचे राज्य गेममध्ये कसे दिसते?

क्रिएटिव्ह असेंब्लीच्या ‘एम्पायर : टोटल वॉर’ (२००९) या गेममध्ये मराठे हा खेळता येणारा पक्ष आहे. मोहीम सुरू होते १७०० मध्ये. प्रत्यक्षात याच वर्षी मार्चमध्ये सिंहगडावर छत्रपती राजाराम महाराजांचे निधन झाले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला आणि महाराणी ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. राजधानी गेली, राजा गेला, तरी लढा चालू राहिला. या गेमच्या भाषेत हे सांगणे अवघड आहे. तिथे प्रदेश जिंकायचा, कर बसवायचा, त्या पैशातून फौज उभी करायची आणि पुढचा प्रदेश घ्यायचा, हे मुख्य चक्र आहे. त्या चक्रात सर्वांत फायद्याचे म्हणजे शक्य तितक्या लवकर मुघलांचे प्रांत घशात घालून सगळा उपखंड एकाच रंगात रंगवणे.

मराठ्यांची पद्धत अशी नव्हती. मुलूख आपल्या नावावर न घेता त्याच्या महसुलातील चौथा हिस्सा, म्हणजे चौथ, घ्यायची आणि वर दहा टक्के सरदेशमुखी. बाळाजी विश्वनाथ १७१९ मध्ये दिल्लीहून परतले ते दख्खनच्या सहा सुभ्यांवरील याच हक्कांच्या सनदा घेऊन. नकाशावर रंग मुघलांचा, पैसा मात्र साताऱ्याकडे. नकाशा रंगवणे हाच विजय मानणाऱ्या गेममध्ये अशा सत्तेला जागा कुठली? मग मराठ्यांच्या भूमिकेत शिरून खेळायचे म्हणजे काय करायचे? नियमच ती भूमिका ओळखत नसतील तर खेळणाऱ्याकडे झेंडा, पागोटे आणि पार्श्वसंगीत एवढेच उरते.

हाच मुद्दा पानिपतावर नेऊन पाहू. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईवर महाराष्ट्रात अडीचशे वर्षे चर्चा चालू आहे आणि तिचा सूर थेट ऑप्टिमल प्लेचाच आहे. भाऊसाहेबांनी मल्हारराव होळकरांचे ऐकून गनिमी कावा करायला हवा होता, बुणगे आणि बायकामुले मागे ठेवायला हवी होती, इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि गोलाच्या लढाईवर इतका भर द्यायला नको होता, वगैरे वगैरे. गेममध्ये हे सगळे एका मिनिटात होईल. बिनलढाऊ माणसे निवडायची आणि काढून टाकायची. खरे तर बहुतेक गेममध्ये ती माणसे मुळात असतच नाहीत. फौजेबरोबर हजारोंच्या संख्येने तीर्थयात्रेला निघालेले लोक, सरदारांचे कुटुंबकबिले, बाजार, भिश्ती, मोतद्दार हे सगळे हिशेबातून आधीच वजा झालेले असतात. भाऊंपुढे मात्र ते होते, आणि त्यांना परमुलखात सोडून जाणे हा त्यांच्यासाठी पर्याय नव्हता. गारद्यांच्या कवायती पलटणीवर विश्वास टाकणेही त्या क्षणी वेडेपणाचे नव्हते. उदगीरच्या मोहिमेत, १७६० मध्ये, त्याच तोफखान्याने निजामाला नमवले होते. निकाल माहीत असलेल्या माणसाला हे सगळे चुकीचे दिसते. भूमिकेत शिरून खेळणे म्हणजे तो निकाल विसरून बसणे. हे हळवेपणाने खेळणे नाही. आकडे मोजण्यापेक्षा ते पुष्कळदा कठीण असते.

राजाच्या स्वभावाचे ओझे खेळणाऱ्यावर कसे टाकले गेले?

या वादावर सर्वांत धीट उपाय ‘क्रुसेडर किंग्ज ३’ने केला. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीचा हा गेम सप्टेंबर २०२० मध्ये आला. इथे देश नाही, घराणे खेळायचे असते. राजा मेला की वारस म्हणून खेळ पुढे चालू. दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१२ च्या गेममध्ये, अनुभवी खेळाडूंनी अंगावर काटा आणणारे शहाणपण विकसित केले होते. बुद्धिमान मुलींशीच लग्ने लावायची, म्हणजे ते गुण वंशात उतरतात. मुलगे जास्त झाले की राज्याची वाटणी होते, म्हणून नको असलेल्या मुलांना मठात धाडायचे, कैदेत टाकायचे किंवा मारून टाकायचे. दयाळू राजाही हे सगळे निर्विकारपणे करू शकत असे, कारण दयाळूपणा हा मुख्यतः काही गुण अधिक, काही उणे एवढाच होता.

तिसऱ्या आवृत्तीत ‘ताण’ आला. दयाळू माणसाने कैद्याला फाशी दिली की त्याचा ताण वाढतो. लोभी माणसाला दान देताना ताण येतो. क्रूर माणसाचा छळ करून ताण उलट उतरतो. ताणाचे तीन टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की राजा दारूकडे वळतो, खादाड होतो, खचतो आणि तब्येत ढासळते. म्हणजे स्वभावाविरुद्ध वागायला बंदी नाही, किंमत आहे. भूमिकेला धरून राहणे हेच फायद्याचे ठरावे अशी ही मांडणी आहे. दोन्ही गटांना एकाच बाकावर बसवण्याचा इतका चांगला प्रयत्न मी अन्य गेममध्ये पाहिलेला नाही.

हा गेम १०६६ पासून सुरू केला तर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य समोर येते. महाराष्ट्राचा मोठा भाग त्यांच्याकडे होता. सोमेश्वर पहिला त्या वेळी गादीवर होता. दोनच वर्षांनी, १०६८ मध्ये, असाध्य आजाराने ग्रासलेल्या या राजाने तुंगभद्रेत जलसमाधी घेतली. त्याच्यानंतर थोरला मुलगा सोमेश्वर दुसरा राजा झाला आणि धाकट्या विक्रमादित्याने १०७६ मध्ये भावाला पदच्युत करून गादी घेतली, स्वतःचा शकही सुरू केला. यातील कोणता निर्णय ऑप्टिमल म्हणायचा? घराण्याच्या दृष्टीने विक्रमादित्याचे बंड फळले, कारण त्याने पुढे सुमारे पन्नास वर्षे राज्य केले. कल्हणाच्या आधीचा काश्मिरी कवी बिल्हण त्याच्या दरबारी होता आणि त्याने या बंडाची कैफियत काव्यातून मांडली. सोमेश्वर पहिल्याच्या बाजूने पाहिले तर धाकट्याला वेळीच दूर करणे शहाणपणाचे होते. बाप म्हणून पाहिले तर हा प्रश्नच वेगळा होतो.

अर्थात ताणाचाही हिशेब करता येतो आणि खेळणाऱ्यांनी तो केला. शिकार, मेजवानी, तीर्थयात्रा करून ताण उतरवायचा आणि मग हवे ते करायचे. पाणी फट शोधतेच.

खेळणाऱ्याला त्याच्यापासूनच वाचवायचे का?

‘सिव्हिलायझेशन ४’चे (२००५) मुख्य रचनाकार सोरेन जॉन्सन यांचे एक निरीक्षण या क्षेत्रात वारंवार सांगितले जाते. संधी मिळाली तर खेळणारे फायद्याच्या मागे लागून खेळातील गंमतच घालवून बसतात, असा त्याचा आशय. कंटाळवाणी पण हमखास लाभाची वाट असेल तर लोक कुरकुरत का होईना, तीच धरतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जिंकायचे असेल तर वाईट चाल मुद्दाम करणे माणसाला जड जाते.

जॉन्सन यांनी २००८ मध्ये संगणकाच्या बाजूने खेळणाऱ्या राजांवर एक व्याख्यान दिले होते. त्याचा विषयच हरण्यासाठी खेळणे हा होता. प्रतिस्पर्धी संगणकाने जिंकण्यासाठी जिवाचे रान करावे, की आपल्या भूमिकेत राहून खेळाची रंगत वाढवावी? सिव्हिलायझेशनमध्ये महात्मा गांधी अणुबॉम्ब टाकतात हा विनोद जगभर चालतो, तो यामुळेच. गांधींनी गांधींसारखे वागावे अशी आपली अपेक्षा असते, नाहीतर त्यात हसण्यासारखे काय आहे? (पहिल्या गेममधील एका तांत्रिक चुकीमुळे हे सुरू झाले, ही कथा मात्र खोटी असल्याचे सिड मायर यांनी आपल्या आत्मकथनात सांगितले आहे.) युरोपा ४ मध्ये ‘लकी नेशन्स’ असा पर्याय आहे. संगणकाच्या हाती असलेल्या ऑटोमन, फ्रान्स, इंग्लंड यांसारख्या इतिहासात यशस्वी ठरलेल्या देशांना त्यात जादा बळ मिळते. इतिहास इतिहासासारखा दिसावा म्हणून रचनाकारांनी तराजूवर ठेवलेले हे बोट.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘सिव्हिलायझेशन ७’ने हा पेच नव्याने चव्हाट्यावर आणला. आधीच्या गेममध्ये जो सुरुवातीला पुढे जाई तो पुढेच राही, शेवटचे तास रटाळ होत आणि अनेक जण डाव अर्धवट सोडत. त्यावर उपाय म्हणून खेळाचे तीन युगांत तुकडे केले आणि प्रत्येक युगात नवी संस्कृती निवडायची सोय केली. मौर्य, मग चोळ, मग मुघल असा प्रवास करता येतो. अशोकाला रोमचा नेता करता येते. डावाचा तोल सुधारला असेलही, पण जुने खेळाडू संतापले. आपण सहा हजार वर्षे एक लोकसमूह सांभाळला, ही भावनाच त्यातून निसटली. तोल सांभाळण्यासाठी सोंग उतरवायला लावले, तर बरेच जण नाटकच सोडून जातात.

भूमिकेत खेळणे म्हणजे इतिहासाशी इमान?

नेहमीच नाही. भूमिका कुठून आली, ते पाहावे लागते. पुष्कळदा ती सिनेमातून, मालिकांतून, अभिमानातून आलेली असते. आपला राजा कधी तह करणार नाही, शत्रूपक्षातील सगळे कपटीच असणार, असे धरून खेळणाऱ्याला वाटते की, तो इतिहासात शिरला आहे. प्रत्यक्षात १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले सोडले होते. नाटकी शौर्याच्या कल्पनेपेक्षा इथे हिशेबी खेळाडू महाराजांच्या जास्त जवळ जातो. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या अधिकाऱ्याला ठेवून कवायती पलटणी उभारल्या, तेही आपल्या काळातील फायद्याची चाल ओळखूनच. जुन्या माणसांनाही आकडे कळत होते. त्यांच्या आकड्यांत माणसे, नाती आणि अब्रू धरलेली असत, इतकेच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ आला. त्याची सुरुवात १३३७ मध्ये होते. इथे लोकसंख्या मोजली जाते आणि राजधानीपासून जितके दूर जावे तितका सत्तेचा अंमल कमी होतो. त्या वर्षी दिल्लीच्या तख्तावर मुहम्मद बिन तुघलक आहे. साम्राज्य अफाट, दख्खन फार दूर. अंतराचा हा नियम समोर ठेवून नकाशा पाहिला की, दक्षिण हातची जाऊ नये म्हणून राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवावी असा विचार कोणाच्याही मनात येईल. तुघलकाच्या मनात तो दहा वर्षे आधीच आला होता. १३२७ मध्ये त्याने तसे केले, दिल्लीच्या लोकांना शेकडो कोस चालायला लावले आणि काही वर्षांत सगळे परत नेले. ‘तुघलकी कारभार’ हा शब्द आपल्याकडे तेव्हापासून राहिला. दौलताबादही त्याच्याकडे राहिले नाही. १३४७ मध्ये हसन गंगूने बहमनी राज्य स्थापन केले, ते तिथेच.